डिजिटल पियानोचा आवाज मंचावर कुठे हरवतो?

दिवाळी पहाट असो, लग्नाच्या रिसेप्शनमधला ऑर्केस्ट्रा असो की नाट्यगृहातली भावगीतांची मैफल, मंचावरून पियानोचे सूर ऐकू आले तर ते बहुतेक वेळा डिजिटल पियानोचे असतात. दुकानात हेडफोन लावून ऐकताना या वाद्याने मन जिंकलेलं असतं. खर्जातले सूर भरदार, वरचे सूर लखलखीत, आणि सूर विरत जातानाही कान त्याच्या मागे जातो. तेच वाद्य कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरमधून ऐकलं की आवाज पत्री होतो, मधल्या सप्तकातले काही सूर दबतात, डाव्या हाताने वाजवलेलं सगळं गढूळ होऊन जातं. गाण्याच्या सुरुवातीचा एकट्या पियानोचा तुकडा कानाला टोचतो आणि बाकीची वाद्यं सुरू झाली की पियानो दिसतो, पण ऐकू येत नाही. याची दोन कारणं आपल्याकडे हमखास सांगितली जातात. वाद्य स्वस्तातलं आहे, हे एक. साउंडवाला बरा नव्हता, हे दुसरं. बहुतेक वेळा ही दोन्ही निदानं चुकतात. डिजिटल पियानो हे मुळात कोणत्या जातीचं वाद्य आहे याचा विचार न करता तो मिक्सरला जोडला जातो, आणि आवाज बिघडायला तिथूनच सुरुवात होते. हे एकदा ध्यानात आलं की उपाय फारसे खर्चिक उरत नाहीत.

आधी खरा पियानो पाहू. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० सालाच्या सुमारास हे वाद्य घडवलं. आज त्याला ८८ पट्ट्या असतात, सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या तारांखाली लाकडाची एक मोठी, पातळ फळी पसरलेली असते. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, तारेचं कंपन फळीत उतरतं आणि ती अख्खी फळी खोलीतली हवा हलवते. सर्वांत खालचा सूर सेकंदाला २७.५ कंपनांचा, सर्वांत वरचा ४,१८६ कंपनांचा. डिजिटल पियानोत पट्ट्या सोडल्या तर यातलं काहीच नसतं. तिथे एखाद्या उत्तम ग्रँड पियानोचं ध्वनिमुद्रण साठवलेलं असतं. स्टुडिओत एकेक सूर हलका, मध्यम, जोरकस अशा वेगवेगळ्या दाबाने वाजवून घेतलेला असतो. आपण पट्टी दाबतो तेव्हा ती किती वेगाने खाली गेली हे यंत्र मोजतं, १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीप्रमाणे तो वेग १ ते १२७ मधल्या एका आकड्यात मांडतं आणि त्या आकड्याला जुळणारा मुद्रित सूर सोडतं. अमेरिकी संशोधक रे कुर्झवाइल यांचं ‘कुर्झवाइल २५०’ हे वाद्य १९८४ साली आलं, तेव्हा अशा मुद्रित सुरांतून ग्रँड पियानोचा भास किती जवळ जाऊ शकतो हे जगाला कळलं. ते बनवण्यामागे गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या चर्चेची प्रेरणा होती. आता काही वाद्यांत मुद्रणाऐवजी गणिताने घडवलेला सूर असतो. पण तोही दोन कानांना किंवा दोन स्पीकरना समोर ठेवूनच जुळवलेला असतो.

थोडक्यात, डिजिटल पियानो हे वाजवता येणारं ध्वनिमुद्रण आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो. पेटी किंवा तबला मंचावर असतो तेव्हा त्याचा आवाज आधी हवेत येतो आणि मग माईक तो उचलतो. माईक किती जवळ, कोणत्या कोनात, हे त्या दिवशी, त्या सभागृहात, कुणीतरी कान लावून ठरवतं. डग्ग्याचा आवाज फार घुमला तर माईक थोडा सरकवतात. डिजिटल पियानोच्या बाबतीत माईक लावण्याचं काम काही वर्षांपूर्वी दूरच्या कुठल्यातरी स्टुडिओत उरकलेलं असतं. ते करणाऱ्या ध्वनिमुद्रकाच्या डोळ्यांसमोर हेडफोन लावलेला एकटा वादक होता किंवा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला श्रोता होता. पंख्यांच्या आवाजात, पत्र्याच्या छपराखाली बसलेले आठशे लोक त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते. मंचावर मात्र आपण या वाद्याला गिटार किंवा ऑक्टोपॅडसारखं समजतो, हाताला येईल ती वायर खुपसतो आणि आवाज मोठा करतो. आयतं मिळालेलं उत्तम ध्वनिमुद्रण आपण वाटेत मोडतो, आणि ते कुठे मोडतं हे नेमकं दाखवता येतं.

सर्वांत मोठी मोडतोड स्टीरिओचं मोनो करताना होते. पियानो मुद्रित करताना बहुधा दोन माईक लावतात. एक खर्जाच्या तारांकडे, दुसरा टिपेच्या तारांकडे. कुठल्याही एका तारेपासून या दोन माईकपर्यंतचं अंतर सारखं नसतं, म्हणून तोच सूर एका माईकला आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित नंतर. हेडफोनमध्ये हा फरक कानांना सुखावतो, कारण त्यातूनच पियानो समोर पसरल्यासारखा वाटतो. आता या दोन बाजू एकाच स्पीकरसाठी एकत्र केल्या तर काय होतं ते पाहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन अंतरांत फक्त १७ सेंटिमीटरचा फरक असला तरी एक बाजू अर्ध्या मिलिसेकंदाने मागे पडते. सेकंदाला १,००० कंपनांच्या लहरीला अर्धा मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. एका बाजूची लहर वर चढत असते तेव्हा दुसरी खाली उतरत असते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हेच ३,००० आणि ५,००० कंपनांवरही होतं. मधल्या २,००० आणि ४,००० वर मात्र दोघी मिळून आवाज वाढवतात. प्रत्येक तारेचं माईकपासूनचं अंतर निराळं, त्यामुळे ही काटछाट प्रत्येक सुराला निराळ्या जागी बसते. म्हणून मधल्या सप्तकातली पांढरी एक भरीव ऐकू येते आणि तेवढ्याच दाबाने वाजवलेली शेजारची काळी एक पोकळ लागते. वादकाला वाटतं, आपला हात समतोल नाही. साउंडवाल्याला वाटतं, वाद्य खराब आहे. खरं तर सुराचा काही भाग दोन बाजूंच्या बेरजेत गेलेला असतो, आणि मिक्सरवरचे कुठलेही बास-ट्रेबल फिरवून तो परत येत नाही. जे पोचलंच नाही ते वाढवणार कसं?

याची चाचणी कुणालाही करता येते. पियानोच्या डाव्या-उजव्या दोन्ही वायर मिक्सरच्या दोन चॅनलमध्ये घ्या, दोन्ही चॅनलचे पॅन मध्यावर ठेवा आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी सारख्या दाबाने वाजवा. मग उजवा फेडर पूर्ण खाली आणा आणि तेच पुन्हा वाजवा. एक बाजू काढून टाकल्यावर आवाज थोडा लहान व्हायला हवा, एवढंच. तो जर अधिक भरीव आणि अधिक स्वच्छ झाला, तर दोन बाजू एकमेकींना मारत होत्या असं समजा. डाव्या बाजूऐवजी उजवी ठेवूनही ऐकून पाहा, आणि जी अधिक चांगली वाजते तेवढीच वापरा. वाद्याच्या मागे ‘एल/मोनो’ असं लिहिलेल्या जॅकबद्दल इथे सावध राहायला हवं. उजव्या जॅकमध्ये काही लावलेलं नसेल तर अनेक वाद्यं आतल्या आत दोन्ही बाजू मिसळून त्या एका जॅकमधून देतात. एकच वायर लावली म्हणजे फक्त डावी बाजू मिळाली, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. बहुतेक वाद्यांत उजव्या जॅकमध्ये एक रिकामी वायर नुसती खोचून ठेवली की डाव्यातून खरोखर डावी बाजूच येते. मंचासाठी बनवलेल्या काही पियानोंत मुळातच एका बाजूचा, खास मोनो पियानोचा आवाज दिलेला असतो. दुकानात हेडफोनवर तो सपाट वाटतो, म्हणून लोक त्याच्याकडे वळून पाहत नाहीत. मोठ्या स्पीकरवर अनेकदा तोच सर्वांत खरा वाजतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मोनोने एवढं नुकसान होतं तर शेवटपर्यंत स्टीरिओच ठेवा ना! स्टुडिओत आणि घरात हे बरोबर आहे, सभागृहात ते अर्धवट बरोबर आहे. नाट्यगृहात मंचाच्या दोन टोकांना स्पीकर असतात आणि मध्ये बसणारे श्रोते थोडे. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने जे मांडलं ते इथे लागू पडतं: एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जिथून तो आधी पोचतो, तिथूनच आला असं कान मानतो. डाव्या कडेला बसलेल्याला डावा स्पीकर आधी आणि मोठा ऐकू येतो. उजव्या स्पीकरमधून येणारे वरचे सूर त्याच्यापर्यंत दबून पोचतात. म्हणजे डावीकडच्या रांगांना डावा हात आणि उजवीकडच्यांना उजवा, अशी एका वादकाची वाटणी होते. शिवाय पियानो मंचाएवढा रुंद ऐकू येतो, हे वेगळंच. मला पटतो तो मार्ग असा: सभागृह लहान असेल, स्पीकर जवळजवळ असतील आणि पियानो एकटा किंवा गायकासोबत असेल तर स्टीरिओ ठेवावा, पण पॅन टोकाला न नेता दोन्ही बाजूंनी थोडेच उघडावेत. मैदानातला किंवा मंगल कार्यालयातला मोठा ऑर्केस्ट्रा असेल तर एक चांगली बाजू निवडून खुशाल मोनो जावं. मोनो वाईट नाही. आपण काय करतो आहोत ते न कळता केलेली बेरीज वाईट आहे.

दुसरी मोडतोड वायरमध्ये होते, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे, कारण चूक अगदी छोटी आणि परिणाम भयंकर असतो. कमी किमतीच्या अनेक डिजिटल पियानोंना लाइन आउट नसतो, फक्त हेडफोनचा जॅक असतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी घाईघाईत एका टोकाला स्टीरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला कॅनन पिन असलेली वायर सापडते. ती दोन्हीकडे अगदी नीट बसते, आवाजही येतो. पण कॅनन पिनचं काम कसं चालतं? तिच्यातल्या दोन तारांतून एकच आवाज जातो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. आवाज उलटा होता, त्यामुळे वजाबाकीत तो दुप्पट होतो. वाटेत दोन्ही तारांनी सारखीच उचललेली घरघर मात्र वजा होऊन नाहीशी होते. फार सुंदर युक्ती आहे ही. हेडफोनच्या जॅकवर मात्र एका तारेत डावी बाजू असते आणि दुसरीत उजवी. मिक्सरला हे ठाऊक नसतं. तो इमानाने डावीतून उजवी वजा करतो. दोन्ही बाजूंत जे सारखं होतं, म्हणजे नेमका सुराचा गाभा, तो उडतो, आणि उरतो तो फक्त फरक: पोकळ, दूरवरून आल्यासारखा, प्रतिध्वनीने भरलेला आवाज. अशा वेळी साउंडवाला बास वाढवतो, वादक व्हॉल्यूम वाढवतो आणि दोघेही वाद्याच्या किमतीबद्दल बोलू लागतात. हेडफोनच्या जॅकमध्ये साधी मोनो पिन खुपसली तर उजवी बाजू सरळ शॉर्ट होते, तेही बरं नव्हे. उपाय म्हणजे एका स्टीरिओ जॅकमधून दोन मोनो पिना निघणारी वायर आणि त्या दोन पिनांसाठी दोन डीआय बॉक्स. हेडफोनमधून घेतलेला आवाज कमी दर्जाचा असतो असं नाही. वायर बरोबर असेल तर त्यावर उत्तम कार्यक्रम होतो.

डीआय बॉक्सबद्दल आपल्याकडे अजूनही ‘असला तर बरा’ अशी भावना आहे. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे असतो, मंचापासून तीस-चाळीस मीटरवर. पियानोच्या साध्या वायरमध्ये घरघर रोखण्याची वर सांगितलेली सोय नसते, त्यामुळे पाच-सहा मीटरच्या पुढे ती दिव्यांच्या डिमरची, विजेच्या तारांची कुरकुर गोळा करू लागते. डीआय बॉक्स वादकाच्या पायाशी बसून तो आवाज दोन तारांच्या सुलट्या-उलट्या रूपात बदलतो. शिवाय पियानोचा लाइनचा आवाज माईकच्या मानाने फारच तगडा असतो. व्यावसायिक उपकरणांत त्याची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट धरतात, तर माईकमधून काही मिलिव्होल्टच येतात. माईकच्या तोंडात तो तसाच घातला तर जोरदार स्वरसमूहावर आवाज फाटतो. डीआय बॉक्स त्याला माईकच्या पातळीला आणतो. संथ, सलग घुमणारी ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबावं. पियानोला लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावा, पुष्कळदा घरघर तिथेच थांबते. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची किंवा तिच्यावर टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्या मंचांवर सर्रास दिसते. ओल्या मंडपात, हातात धातूचा माईक धरलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडंच सांगतो. पियानोचा व्हॉल्यूम पाऊण भागावर ठेवून त्याला पुन्हा हात लावू नये. कमी-जास्त जे करायचं ते मिक्सरवर व्हावं. साउंड चेकला कार्यक्रमातला सर्वांत जोरकस तुकडाच वाजवावा, बोटं फिरवून दाखवू नयेत. ऑर्केस्ट्रातल्या वादकांनी एक काम घरीच उरकलं पाहिजे. एकाच वाद्यावर पियानो, व्हायोलिनचा ताफा, बासरी, ट्रंपेट असे आवाज बदलत वाजवायचं असतं आणि कारखान्यातून आलेल्या या आवाजांच्या पातळ्या सारख्या नसतात. ट्रंपेटचा एक तुकडा अंगावर आला की साउंडवाला अख्खा चॅनल खाली ओढतो, आणि पुढच्या गाण्यातला पियानो त्या ट्रंपेटची शिक्षा भोगतो. सगळे आवाज सारख्या पातळीवर आणून जतन केले की हा प्रश्नच उरत नाही.

आता अशा एका कारणाकडे येतो, ज्याचा या सगळ्यात कमी विचार होतो आणि जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: वादकाला स्वतःचा आवाज ऐकू न येणं. पेटीवाल्याला पेटी मांडीशी ऐकू येते. डिजिटल पियानोला हवेत स्वतःचा आवाज नसतो, आणि जॅक लावला की आतले छोटे स्पीकर पुष्कळदा बंद होतात. मंचाच्या कडेला, ड्रमच्या शेजारी बसलेल्या वादकाला गायकाच्या मॉनिटरमधून निसटून आलेलं जे काही मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. ऐकू येत नाही म्हणून तो जोरात वाजवू लागतो. त्यात त्याचा दोष नाही, प्रत्येक माणूस गोंगाटात मोठ्याने बोलतोच. पण खऱ्या पियानोत हातोडी जोरात आदळली की तिचा नमदा दाबला जाऊन कडक होतो आणि सुरातले वरचे स्वरांश उफाळून येतात. जोरात वाजवलेला सूर मोठा होतो आणि सोबत त्याची जातही बदलते, तो धारदार होतो. डिजिटल पियानोत हा धारदार सूर वेगळा साठवलेला असतो. वादक वेगाच्या आकड्यांत सतत ११० ते १२७ च्या पट्ट्यात वाजवत राहिला की यंत्र प्रत्येक वेळी तोच चढा सूर देतं. साउंडवाल्याला आवाज मोठा आणि टोचरा वाटतो, तो फेडर खाली आणतो, मॉनिटरही थोडा कमी करतो. वादकाला आणखी कमी ऐकू येतं, तो आणखी जोरात वाजवतो. कार्यक्रमाच्या शेवटी हजारो रुपयांच्या हलक्या, मऊ, मधल्या सुरांपैकी एकही श्रोत्यांपर्यंत गेलेला नसतो, आणि ‘डिजिटल पियानोला भाव नसतो’ हे मत आणखी पक्कं होतं. भाव वाद्यात होता. वादकाच्या कानाजवळ एक स्वतंत्र मॉनिटर नव्हता, म्हणून तो बाहेर आला नाही. पियानोचा दर्जा एका झटक्यात सुधारणारी एकच गोष्ट सुचवायला कुणी सांगितलं, तर मी वादकासाठी वेगळा मॉनिटर किंवा इअरफोन सुचवेन.

ईक्यूचा, म्हणजे बास-ट्रेबल कमी-जास्त करण्याचा, नंबर त्यानंतर येतो, आधी नाही. घरी मंद आवाजात किंवा हेडफोनवर जुळवलेला सूर मोठ्या आवाजात तसा राहत नाही, याचं कारण कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की त्या मानाने खर्ज अधिक भरून येतो. घरी गोड लागावा म्हणून वाढवलेला बास सभागृहात म्हणूनच चिखल करतो. त्यात बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, ड्रमचा किक त्याच्या आसपास, आणि वादकाचा डावा हातही तिथेच घुटमळत असतो. ताफ्यासोबत वाजवताना पियानोचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकला तर काही बिघडत नाही. खालच्या सुरांचा पाया कान वरच्या स्वरांशांवरून ओळखून घेतो. २०० ते ४०० च्या आसपास थोडं कमी केलं की गढूळपणा निवळतो. एकट्या पियानोला मात्र ही कात्री लावू नये. आणि कुठल्याही ईक्यूपेक्षा प्रभावी उपाय वादकाच्या हातात असतो: बास गिटार आहे ना, मग डाव्या हाताने खालची सप्तकं सोडून द्यावीत. एकट्याने सराव करताना दोन्ही हातांनी सगळं भरण्याची सवय लागते, ती ताफ्यात आडवी येते. वाद्यातला रिव्हर्बही बंद करावा किंवा अगदी नावापुरता ठेवावा. मूळ मुद्रणात स्टुडिओचा थोडा घुमारा आलेला असतो, सभागृह स्वतःचा घुमारा देतं, तिसरा कशाला?

महागडं वाद्य घेतलं तर यातल्या निम्म्या कटकटी टळतील, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मंचासाठीच्या पियानोला दणकट लाइन आउट असतात, काहींना थेट कॅनन पिन असते, मोनो आवाज मिळतात, पट्ट्यांची घडण चांगली असते. पण महागड्या वाद्यातलं स्टीरिओ मुद्रण अधिक रुंद, अधिक बारकाव्यांचं असतं, म्हणून चुकीच्या बेरजेत तेही तितकंच मोडतं. उलट, साध्या वाद्यातली एक बाजू, दोन बऱ्या वायर आणि कानाशी मॉनिटर एवढ्यावर समाधानकारक आवाज येतो. आणि खराच पियानो माईक लावून का वाजवू नये? वाजवावा की, जिथे तो आहे तिथे. मुंबईत एनसीपीएच्या १९८० साली उघडलेल्या टाटा थिएटरची रचनाच ध्वनिवर्धकाविना ऐकता यावं अशी आहे. तिथे ग्रँड पियानोला कसलीच मदत लागत नाही. पण मैफलीचा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ पाचशे किलो वजनाचा असतो, हलवला की सुरात लावावा लागतो, आणि ड्रमच्या शेजारी त्याच्यावर लावलेले माईक पियानोपेक्षा ड्रमच जास्त उचलतात. ही अडचण जगभरच्या कलावंतांना जाणवली म्हणूनच १९७६ साली यामाहाने तारा आणि हातोड्या असलेला, पण फळीऐवजी पिकअप लावलेला सीपी-७० काढला. मंचावर पियानो नेण्याचा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, आणि डिजिटल पियानो हे त्याचं आजवरचं सर्वांत व्यवहार्य उत्तर आहे.

श्रोत्यांना एवढं कुठे कळतं, हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. श्रोत्याला कारण सांगता येणार नाही, पण गाण्याआधीच्या चार मात्रांत पियानोने वातावरण बांधलं की नाही हे त्याला लगेच कळतं. ज्या समाजात पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येणारे कान आहेत, तिथे पियानोला ढोबळ वागणूक द्यायचं कारण नाही. वेळ नसतो, ही अडचण मात्र खरी आहे. पाचचा साउंड चेक सातला सुरू होतो, गायकाचा माईक आणि तबला यांतच तो संपतो आणि पियानोच्या वाट्याला ‘वाजतोय ना? चला’ एवढंच येतं. त्यावर मंचावर उपाय नाही, तो आधी करावा लागतो. वादकाने आपल्या वाद्याची चाचणी घरी करून कोणती बाजू, कोणती वायर हे पक्कं केलेलं असावं आणि वायर स्वतःच्याच न्याव्यात. आयोजकांना एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली की साउंडवाल्यांना फोन करून आधीच सांगा: पियानोसाठी दोन डीआय बॉक्स, वादकासाठी एक वेगळा मॉनिटर आणि साउंड चेकमधली पंधरा मिनिटं हवी आहेत.